गफूरमियांची बांधाबांध

गफूरमिया घरात आले की पहिला तासभर कशालाही हात लावायचे नाहीत. चपला दारात काढायच्या, टोपी मागं सारायची, घराच्या बरोब्बर मधोमध मांडी घालून बसायचं आणि घरातल्या एकेकाला समोर बोलावून विचारायचं, "तुमाला कशाची भीती वाटून राहिली?"

बदलीचा हुकूम आलेला, ट्रक ठरलेला, अंगणभर भांडी पसरलेली, घरातली बाई रडकुंडीला आलेली, आणि मेंदीनं रंगवलेल्या दाढीचा हा सहा फुटी माणूस वैद्यानं नाडी बघावी तसा भीती विचारत बसलाय. नवखा माणूस चिडायचाच. "मिया, अहो पोती शिवायची ती शिवा ना!" त्यावर ते दाढी खाजवत म्हणायचे, "सामान रस्त्यानं फुटत न्हाई, साहेब. भ्यालेल्या हातात फुटतंय. आधी भीती बांधू, मग भांडी."

मग ज्याला ज्या वस्तूची धास्ती, ती वस्तू ते सगळ्यांत आधी, त्या माणसाच्या डोळ्यांदेखत बांधायचे. कुणाला सासऱ्याच्या फोटोची काच, कुणाला लोणच्याची बरणी. एका साहेबांच्या बाईला म्हणे स्वतःच्या नवऱ्याचीच काळजी होती, कारण मागच्या बदलीत तो वाटेत चहाला उतरला आणि ट्रक त्याला सोडून पुढं गेला होता. गफूरमियांनी त्या साहेबांना गाद्यांच्या दोन गुंडाळ्यांमध्ये बसवून दोरी मारली आणि थेट हिमायतनगरला उतरवलं. साहेब एवढे गाढ झोपले की रुजू व्हायची वेळ टळली.

नांदेडच्या कचेरीत गफूरमिया दफ्तरी होते. निजामाच्या राज्यापासूनचे कागद लाल कापडाच्या बस्त्यांत बांधून फळ्यांवर रचायचे आणि मागितला तो बस्ता काढून द्यायचा, हे त्यांचं काम. त्या कामानं हात असा बसला होता की कचेरीत कुणाचीही बदली झाली की त्याचं घर बांधायला गफूरमियाच. मोबदला घ्यायचे नाहीत. एक वेळचं जेवण आणि निघताना "मिया, तुमच्यासारखे तुम्हीच" एवढं वाक्य. जेवण राहिलं तर चालायचं, वाक्य राहिलेलं चालायचं नाही. ते ऐकेपर्यंत दारात उगाच चपला शोधत उभे राहायचे.

आणि वाक्य खोटं नव्हतं. एकदा धर्माबादच्या वाटेवर एका मास्तरांचा ट्रक ओढ्यात कलंडला. ड्रायव्हरचे दोन दात पडले, क्लीनर बाभळीवर जाऊन बसला, ट्रकची चाकं आभाळाकडं. पण गफूरमियांनी बांधलेली दह्याची गाडगी उघडली तर दही लागलेलं होतं. ही गोष्ट मी पाहिलेली नाही. पण मी ती इतक्या वेळा सांगितली आहे की आता पाहिल्यासारखीच झाली आहे.

त्यांचे कायदे पक्के असत. जड ते तळाला, म्हणून जातं आणि धान्याची पोती आधी चढायची. कप-बश्या कागदात गुंडाळायच्या नाहीत, ज्वारीच्या पोत्यात खुपसायच्या. "ज्वारी कपाच्या आत बी जाती, भाईर बी राहती. कप हालंल कुठं?" आरसा दोन गाद्यांच्या मध्ये. कंदिलाची काच उशीच्या अभ्र्यात. आणि काडेपेटी, स्टो, चहा-साखर, चाकू, दोरी, तांब्या असं जे नव्या घरात पहिल्या घटकेला लागतं त्याचं एक वेगळं बोचकं, ते सगळ्यांत शेवटी ट्रकवर. "शेवटी चढतंय ते पयलं उतरतंय. माणूस पोचल्यावर पयलं सामान शोधत न्हाई, चहा शोधतंय."

त्यांचा अजून एक कायदा होता, तो मात्र ते सगळ्यांना सांगायचे नाहीत. मला एकदा खुशीत येऊन सांगितला. "अप्पा, कोणत्या बोचक्यात बाईनं सोनं दडवलं ते मला न बघता कळतंय. माणूस सगळ्या सामानाकडं बघतंय, फकस्त त्या एका बोचक्याकडं बघत न्हाई." हे ऐकून मी खूप हसलो होतो.

लातूर नवा जिल्हा झाला आणि तिथल्या कचेरीत बसायला जुन्या कचेऱ्यांतून माणसं उचलणं सुरू झालं. त्यात माझं नाव निघालं. वर्ष असं की पाऊस आमच्या भागाचा पत्ताच विसरला होता. नांदेडला निदान गोदावरीत डबकी तरी उरली होती. लातूरबद्दल काय काय ऐकू यायचं! तिथं पाहुण्याला चहा देत नाहीत, चहाची पूड हुंगायला देतात. तिथले कावळे पाणी प्यायला रेणापूरला जातात आणि येताना पिलांसाठी चोचीत धरून आणतात. तिथं टँकरच्या मागं लागलेली माणसं टँकर संपला तरी सवयीनं पुढच्या गावापर्यंत पळत जातात. यातलं निम्मं कचेरीत मीच पसरवलं होतं. पण हुकूम हातात पडला आणि स्वतः उठवलेल्या अफवांना भिण्याची पाळी माझ्यावरच आली. सत्तरीची आई आणि दोन पोरं घेऊन मी त्या कोरड्या गावात करणार काय? नळ नाही आला तर? टँकर नाही आला तर? पोरांना मी आधीच उदगीरला त्यांच्या मामाकडं पाठवून दिलं आणि गफूरमियांना बोलावलं.

ते आले, मधोमध बसले. माझ्या बायकोनं, सुशीलानं, माहेरच्या सहा चिनीमातीच्या कपांची भीती सांगितली. मी छाती पुढं काढून म्हणालो, "मला कशाचीच भीती नाही, मिया."

"मग ह्यांनाच आधी बांधावं लागतंय," ते सुशीलाला म्हणाले.

मग माझी आई. आम्ही तिला अव्वा म्हणायचो, उदगीरकडं म्हणतात तसं. गफूरमियाही अव्वाच म्हणायचे. तिनं पदराखालून गळ्यातली चांदीची डबी नुसती वर उचलून दाखवली. "मला रे कशाची भीती, गफूर? माझं माझ्या गळ्यात हाय."

आम्ही लिंगायत. गुरूनं जन्मल्यावर बांधलेलं इष्टलिंग मरेपर्यंत अंगावर असायचं. अव्वा रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, आणि त्याआधी अन्नाचा कण नाही की पाण्याचा घोट नाही. तापानं फणफणली तरी नाही. सोवळ्याचीही तशीच कडक. गफूरमियांना ती मायेनं, पोट फुटेस्तोवर वाढायची, पण ओट्यावर आणि वेगळ्या ताटात. पाणी वरून ओतायची. त्यांच्या हातचा पेला ती घ्यायची नाही. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. निदान तसं दोघंही दाखवत असत.

तीन दिवसांत घर बांधून झालं. चौथ्या दिवशी सकाळी ट्रक दारात. ड्रायव्हर नांदेडचाच सरदारजी, बलदेवसिंग. हॉर्न असा की मेलेला माणूस उठून बसावा. "ओ अप्पाजी, चलो! ऊन चढायच्या आत लोहा पार करायचं!" दर दोन मिनिटांनी हॉर्न.

गफूरमिया ट्रकवर सामान लावत होते. ओसरीत ज्वारीचं तिसरं, कप खुपसलेलं पोतं तोंड उघडं टाकून उभं होतं, फक्त शिवायचं बाकी. वरून ते ओरडले, "अप्पा, आत एक चक्कर मारा! फळ्या, कोनाडे, दारामागं! उघडं काही सोडू नका!"

मी आत गेलो. फळीवर विभूतीचा गोळा होता, तो उचलून देवाच्या टोपलीत टाकला. त्याच्या शेजारी पांढऱ्या फडक्याची एक पुरचुंडी होती. अव्वाची सुपारी असणार. बाहेर हॉर्न वाजला. मी फडक्याला एक गाठ मारली, पळत ओसरीत आलो आणि ती पुरचुंडी त्या उघड्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून खुपसली. गफूरमिया खाली उतरले, दाभण-सुतळी घेऊन तोंड शिवलं, पोतं पाठीवर मारलं आणि तळाशी राखलेल्या जागेत सरकवलं.

तेवढ्यात शेजारच्या घरातून अव्वा आली. हातात कापसाचं सूत. "शिवा, फळीवरलं घेतलंस का?"

"घेतलं!"

"कुठं घातलंस?"

हॉर्न पुन्हा वाजला. घाबरलेल्या माणसाला खरं आठवायला वेळ लागतो, खोटं तयारच असतं. "देवाच्या टोपलीत, अव्वा! नीट घातलंय!"

"बरं. वाटंत झाडाखाली थांबव. पूजा राहिलीय माझी."

पूजा का राहिली, हे मी विचारलं नाही. सूत कशाला आणलं, हेही नाही. अव्वा आणि सुशीला ड्रायव्हरशेजारी बसल्या, मी आणि गफूरमिया वर सामानावर.

त्या ट्रकबद्दल काय सांगू? खड्ड्यात गेला की पुढचा भाग आधी निघायचा आणि मागचा विचार करून यायचा. दोन्ही बाजूंना जमीन भेगाळलेली, विहिरींच्या काठावर घागरींच्या रांगा, आणि घागरींजवळ माणसं नाहीत, कारण पाणी झिरपेपर्यंत माणसं सावलीला गेलेली. मी वर बसून थरथरत होतो. वैशाखात थरथरणारा मी मराठवाड्यातला पहिला माणूस असेन. गफूरमिया तंबाखू मळत म्हणाले, "अप्पा, लातुरात बी माणसंच राहून राहिली की."

अहमदपूर ओलांडून पुढं एका कडुलिंबाखाली बलदेवसिंगनं ट्रक थांबवला. अव्वा उतरली. वाटेत तिनं सुताचा दोर वळून तयार केला होता. तांब्यातल्या जेमतेम ओंजळभर पाण्यानं तिनं हात धुतले, फडकं अंथरलं, देवाची टोपली उघडली. विभूती काढली. घंटी काढली. सुकलेली बेलपानं काढली. पुन्हा आत पाहिलं. मग टोपली उलटी केली.

तिचा हात सावकाश गळ्याकडं गेला आणि तिथंच राहिला.

"शिवा. माझं लिंग कुठं हाय?"

मी हसलो देखील. "अगं, तुझ्या गळ्यात."

"आंघूळ करताना दोर तुटला. डबी बी उघडली, ती कनवटीला खोचली. लिंग पांढऱ्या फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलं आन् सूत आणाया गेले. तू म्हणालास, टोपलीत घातलं."

मला त्या क्षणी एवढा घाम फुटला की टँकरवाल्यांनी माझ्याखाली पिंप लावलं असतं तर चाकूरची तहान भागली असती. सांगायचं होतं. खरंच सांगायचं होतं, तोंडसुद्धा उघडलं होतं. पण आवाज फुटायच्या आत अव्वा बोलली. ओरडली नाही. विहिरीच्या तळातून यावा तशा आवाजात बोलली.

"ज्याच्या हातानं माझं लिंग बोचक्यात बांधलं गेलं, त्याच्या हातचं पाणी मी मरेपत्तूर घेणार न्हाई."

माझं उघडलेलं तोंड मिटलं.

आमच्याकडं पोराच्या हातचं पाणी म्हणजे काय, हे सांगायला हवं का? शेवटच्या घटकेला आईच्या तोंडात कुणी घालायचं असतं ते?

सुशीलानं पाण्याचा पेला पुढं केला. अव्वानं मान फिरवली. काल संध्याकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. ओठ पांढरे पडले होते. मी कसाबसा म्हणालो, "अव्वा, लातूरला स्वामींकडून नवं घेऊ. विधीनं देतात."

"नवं घ्यायला ती काय चप्पल हाय?" म्हणाली. "आठ दिसांची होते तवापासून माझ्यासंगं हाय ते. सापडलं तर पाणी. न्हाईतर हितंच."

"अम्माजी, लातूर तीन घंट्यांवर आहे," बलदेवसिंग हात जोडून म्हणाला. "तिथं सगळं उतरवू, बघू."

"मी हितनं हालत न्हाई."

आणि ती सुशीलाच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. सुशीला पदरानं वारा घालत होती आणि वाऱ्यालासुद्धा फोड यावेत असं ऊन होतं. थोड्या वेळानं सुशीलानं माझ्याकडं पाहिलं आणि आवाज न करता ओठांनीच म्हणाली, "अहो, हात गार पडून राहिलेत." त्या उन्हात गार हात! लिंग कुठं आहे ते मला माहीत होतं. आई सात पावलांवर, लिंग तिच्यापासून दहा पावलांवर, आणि मध्ये मी, खांबासारखा. एक शब्द बोललो तर ती वाचणार होती. आणि तोच शब्द बोललो तर ती माझी उरणार नव्हती.

गफूरमिया खाली उतरले. सगळं ऐकलं. चेहरा राखेसारखा झाला. घर त्यांनी बांधलेलं. म्हातारी गेली असती तर लोकांनी कुणाचं नाव घेतलं असतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. बसायची वेळ नव्हती, तरी ते अव्वाजवळ मातीत मांडी घालून बसले. "अव्वा, घाबरू नका. ह्या ट्रकातनं सुई बी पडलेली न्हाई. म्या काढतो."

मग उठून आम्हांला विचारलं, "फळी कोणी साफ केली?"

मी त्यांच्या कपाळाकडं पाहिलं. म्हणालो, "घाईत काही ध्यानात नाही, मिया."

"बरं. सगळं उतरवू."

आणि तीन दिवस रचलेलं घर भर रस्त्यावर उतरायला लागलं. खाट, ट्रंका, आरसा, पाट, वाकळा. एक एसटी गेली, आतली माणसं खिडक्यांतून वाकून बघत होती. मी आणि बलदेवसिंग सामान घेत होतो, गफूरमिया वरून देत होते. देताना ते सामानाकडं बघत नव्हते. माझ्याकडं बघत होते. मी खाटेकडं पाहिलं, ट्रंकांकडं पाहिलं, वाकळा तर उलगडून झटकल्या. तळ दिसायला लागला. जातं, आणि शेजारी तीन पोती. पहिल्या पोत्याला त्यांनी हात लावला, मी पाहत राहिलो. दुसऱ्याला लावला, तरी पाहिलं. तिसऱ्यावर हात ठेवला आणि मी मान वर करून आभाळ बघायला लागलो. इतकं मन लावून मी मृगातसुद्धा कधी आभाळ पाहिलं नव्हतं.

सुतळी कापल्याचा आवाज आला.

मी मान खाली केली तेव्हा ते पोत्यात खांद्यापर्यंत हात घालून बसले होते. हात थांबला. सापडलं होतं. पण त्यांनी हात रिकामाच बाहेर काढला. पोतं खांद्यावर घेऊन उतरले, सुशीलाकडून धुतलेली चादर मागितली, ती झाडाखाली अंथरली.

"अव्वा, तुमचं हितं हाय. माझा हात लागणं बरं न्हाई. म्या पोतं कलंडतो, तुमी उचला."

त्यांनी लेकरू निजवावं तसं पोतं आडवं केलं. ज्वारी सुळसुळत आली, एकेक कप आला, आणि मग पांढरं फडकं. अव्वा रांगत पुढं गेली. फडकं उचललं. त्यावरची गाठ तिनं क्षणभर बोटांनी चाचपली, मग सोडली. लिंग दोन्ही डोळ्यांना लावलं. मग खाली मान घालूनच विचारलं, "कुणाच्या हातचं हे?"

माझे ओठ हलले असतील. मला शपथेवर सांगता येणार नाही.

"माझ्या, अव्वा," गफूरमिया म्हणाले. "घाई झाली. माफी द्या."

अव्वानं त्यांच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "मी शब्द मागं घेत न्हाई, गफूर."

"नका घेऊ."

तिनं तिथंच पूजा केली, कनवटीची डबी काढून लिंग तीत ठेवलं, डबी नव्या दोरात ओवली आणि सुशीलाच्या हातून पाणी प्याली. तिच्या घशातून उतरणारा तो घोट मी लांबून मोजत होतो.

सामान पुन्हा चढलं. ट्रक हलला. वर बसल्यावर मी गफूरमियांचा हात धरला. तेच म्हणाले, "अप्पा, अव्वा माझ्या हातचं पाणी कवा पीत होत्या? माझं काय गेलं? तुमचं लई गेलं असतं. आता गप ऱ्हावा."

लातूरच्या घरात त्यांनी दोन तासांत सगळं लावून दिलं. पहिल्या बोचक्यातला स्टो पेटला, चहा झाला, सहाच्या सहा कप शाबूत निघाले. दिवे लागायच्या आत ते परत फिरले. दारात चपला शोधत बराच वेळ उभे होते. अव्वा आतल्या खोलीत होती. सुशीलाला वाटलं, मी बोलेन. मला वाटलं, बोललो तर रडू येईल आणि रडू आलं तर सगळंच बाहेर येईल. ते वाक्य कुणीच बोललं नाही. "येतो अप्पा," म्हणाले आणि गेले.

बलदेवसिंग मनानं वाईट नव्हता, पण त्याला गोष्टी सांगायची हौस माझ्याइतकीच. आठ दिवसांत सगळ्या कचेरीला कळलं की गफूरनं म्हातारीचं लिंग ज्वारीत बांधलं आणि म्हातारी मरता मरता वाचली. पुढच्या बदलीला एका कारकुनाच्या घरचे म्हणाले, "आमचं आम्ही बांधतो, मिया." मग दुसऱ्याचे. मला हे नांदेडच्या एका दोस्तानं पत्रानं कळवलं. शेवटी लिहिलं होतं की आजकाल मिया सुटीच्या दिवशी पण दफ्तरखान्यातच बसून असतात, बांधलेले बस्ते सोडतात आणि पुन्हा बांधतात. मी उत्तर लिहायला बसलो. चार पानं लिहिली, लातूरचा टँकर, लातूरची धूळ, एका पाहुण्यानं आमचं पाणी कसं चोरून नेलं त्याची गंमत. ती पुरचुंडी मीच खुपसली होती, एवढी एक ओळ त्या चार पानांत नव्हती.

पुढं आठ-नऊ वर्षांनी अव्वानं अंथरूण धरलं. कुणाकडून तरी कळलं आणि एके दुपारी गफूरमिया एसटीनं नांदेडहून आले. नोकरी संपली होती. दाढीला मेंदी लावणं सोडलं होतं. दारात चपला काढून ते अव्वाच्या खाटेपासून दोन हात लांब, खाली बसले.

"कोण? गफूर?"

"हाव, अव्वा."

"जवळ ये. पाणी दे मला."

सुशीला माझ्याकडं बघायला लागली. गफूरमिया उठलेच नाहीत. "अव्वा," म्हणाले, "तुमी शब्द दिला व्हता."

"तुझ्यासाठी न्हवता तो," अव्वा म्हणाली. "पोराची गाठ काय मला वळखू येत न्हाई?"

माठाजवळ मीच उभा होतो. काय करावं ते न सुचून मी पेला भरला आणि नेहमीसारखा तिच्यापुढं केला.

"ठेव तिथं," ती म्हणाली.

आणि मला ऐकू आलं. ठेव तिथं. शिवा, ठेव तिथं, पिते मग. लातूरला आल्यापासून मी पाणी घेऊन गेलो की हेच. मग सुशीला यायची नाहीतर पोरं यायची, आणि त्यांच्या हातून ती घ्यायची. एखादा तरी दिवस आठवावा म्हणून मी सगळी वर्षं उलटीपालटी केली. एकही सापडला नाही. पेल्यातलं पाणी हिंदकळायला लागलं, माझ्या बोटांवरून खाली सांडायला लागलं.

गफूरमिया उठले. मला वाटलं, पेला काढून घेतील. तो त्यांनी घेतला नाही. एक हात माझ्या हाताखाली लावला, दुसरा वरून ठेवला, माझी बोटं त्यांच्या दोन पंजांत पार झाकून गेली. तसाच माझा हात त्यांनी अव्वाच्या ओठांपर्यंत नेला.

"घ्या अव्वा. गफूरच्या हातचं हाय."

अव्वानं आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि तोंड उघडलं.